तारेच्या दोन्ही बाजूंचं कुरण

माझे थोरले दीर गवताचे आणि आमचे हे तिपानीचे. बाकीच्या घरांत भावाभावांची भांडणं जमिनीवरून होतात, नाहीतर बायकांनी केलेल्या कागाळ्यांवरून. आमच्याकडे वाटणी कुणी मागितली नव्हती, आणि आम्ही दोघी जावा तर एकमेकींना इतक्या धरून, की कागाळी करायची कुणाकडे हाच प्रश्न पडावा. भांडण होतं ते गाईच्या तोंडात काय जावं यावरून. ज्या गाईच्या तोंडाबद्दल हे चालायचं, ती मिळेल ते खाऊन निवांत रवंथ करत बसायची.

तिपानीचं खरं नाव क्लोव्हर. जमिनीलगत पसरते, एका देठाला तीन पानं, शेंगांच्या कुळातली. हे म्हणायचे की तिपानी म्हणजे दूध, तिपानी म्हणजे तुकतुकीत वासरं, शिवाय तिच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या हवेतलं नत्र ओढून जमिनीला फुकट खत देतात. ‘फुकट’ हा शब्द ते अशा थाटात उच्चारायचे, की ते खत बहुधा त्यांच्याच अंगातून पाझरत असावं. थोरले दीर यावर एकच वाक्य बोलायचे, “गाय गवत खाते.” त्यांच्या मते त्यात सगळं आलं. कुणी पुढे वाद घातलाच, तर ते तेच वाक्य आणखी सावकाश म्हणायचे, समोरच्याला कमी ऐकू येत असल्यासारखं.

दोघं भाऊ एकमेकांशी थेट बोलत नसत. एकाच ओसरीवर, हाताच्या अंतरावर बसून थोरले मला म्हणायचे, “धाकटी, सांग तुझ्या नवऱ्याला, तिपानीनं गाईचं पोट फुगतं.” हे जाऊबाईंना म्हणायचे, “वहिनी, दादाला सांगा, नुसत्या गवतानं माणसाचं डोकं सुकतं.” आम्ही दोघी काहीच सांगायचो नाही. ज्याचं त्यानं ऐकलेलं असायचं.

मला त्या तिपानीचं सोयरसुतक नव्हतं आणि गवताचंही नव्हतं. माझा जीव अडकला होता तो गोठ्यात. कुरण एक, म्हणून कळप एक, आणि कळप एक म्हणून गोठा एक. त्या गोठ्यात सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघी धारा काढायला बसायचो. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला गाईच्या कुठल्या बाजूला बसतात तेही ठाऊक नव्हतं. जाऊबाईंनी शिकवलं. आणि शिकवता शिकवता त्या जे बोलायला लागल्या ते कधी थांबल्याच नाहीत. दिरांची नक्कल करायच्या, पडलेल्या दाताची गोष्ट सांगायच्या, कधी काळी अर्धाच पाहिलेल्या सिनेमाचा शेवट दर वेळी नवा लावायच्या. त्यांच्या बोलण्यावर मी इतकी हसायचे की माझ्या बादलीतली धार बाहेर जायची. ज्या घरात बाकी सगळी बोलणी चाऱ्याची, तिथे माणसासारखं बोलणं व्हायचं ते तेवढ्याच वेळात. ते गेलं असतं तर मी त्या घरात कशाला राहिले असते, हे मला अजूनही सांगता येणार नाही.

त्यामुळे एक दिवस ओसरीवर “मग करू या दोन तुकडे” असे शब्द माझ्या कानावर आले, तेव्हा माझ्या हातातलं काम तिथेच राहिलं. मी तशीच उठून डेअरीवर गेले आणि चाऱ्याच्या सल्लागारांना घेऊन आले.

या सल्लागारांना सगळे ‘प्रमाण’ म्हणायचे, कारण त्यांचं कुठलंही बोलणं त्या शब्दावर येऊनच टेकायचं. रबरी बूट घालून यायचे, आणि त्या बुटांना कधी चिखल लागलेला कुणी पाहिला नव्हता. कुरणाच्या कडेला उभं राहून त्यांनी दोन्ही भावांचं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा निकाल तयार होता.

“दोन्ही पेरा. गवत दोन वाटे, तिपानी एक वाटा. गवतामुळे पोट फुगत नाही, तिपानीमुळे गवताला खत मिळतं. दोघं एका मातीत राहतात आणि एकमेकांना सांभाळून घेतात. सगळा खेळ प्रमाणाचा आहे.”

जाऊबाई माझ्या कानाशी लागल्या, “अगं, या दोघा भावांना मातीत पुरलं तर जमेल का?”

पेरणीच्या दिवशी अंगणात ताडपत्री पसरली. गवताचं बी हलकं, फुसफुशीत. तिपानीचं बी मोहरीहून बारीक. मापानं घ्यावं तर गवतवाल्यावर अन्याय, वजनानं घ्यावं तर तिपानीवाल्याला संशय. शेवटी माझ्या स्वयंपाकघरातला तराजू बाहेर आला. दीर तराजूकडे बघत होते, हे दिरांच्या हाताकडे बघत होते, आणि प्रमाणसाहेब आपल्या बुटांकडे. मग दोघांनी बाह्या सारून त्या ढिगात हात घातले आणि बी कालवायला लागले. कपाळाला आठ्या होत्या, तोंडाला कुलूप होतं, पण चार हात एका ढिगात होते. मला भरून आलं. आपण केलं ते बरोबर केलं असं वाटलं. इतकी मूर्ख मी त्याआधी कधीच नव्हते.

मिश्रण उगवलं, आणि छान उगवलं. खाली तिपानीची जाजमासारखी पसर, वर गवताची लवलवती पाती. गाई खूश. दूध वाढलं. एवढ्यावर कुणी शहाणा माणूस थांबला असता.

पण प्रमाणसाहेबांनी जाता जाता एक लाकडी चौकट देऊन ठेवली होती. ती डोळे मिटून कुरणात फेकायची, जिथे पडेल तिथे आत किती तिपानी आणि किती गवत ते बघायचं, म्हणजे प्रमाण कळतं. त्यांनी ती कशासाठी दिली देव जाणे. आमच्या घरात तिचा खेळ झाला. दीर सकाळी फेकायचे ती बरोबर गवताच्या दाटीत पडायची. हे दुपारी फेकायचे ती न चुकता तिपानीच्या गादीत. दोघंही डोळे मिटायचे, हे मी शपथेवर सांगते. फक्त मिटण्याआधी बराच वेळ उघडे ठेवायचे. संध्याकाळी ओसरीवर आकडे जाहीर व्हायचे, आणि एकाच कुरणात एकाच दिवशी गवतही पाऊण असायचं आणि तिपानीही पाऊण.

मग दोघांनाही वाटायला लागलं की दुसरा लबाडी करतोय. ते खरंच होतं, पण दोघांनीही ते स्वतःवरून ओळखलं होतं.

आधी दिरांनी काडी टाकली. तिपानी आपलं खत आपण बनवते, गवताला ते जमत नाही. म्हणून युरिया फेकला की गवत माजतं आणि खालच्या तिपानीला ऊन मिळत नाही. दुपारी सगळे पडलेले असताना दीर पाटीत युरिया घेऊन कुरणात फिरून आले. पण या कामाला सरावलेला हात लागतो. दिरांच्या हातानं कुठे मूठभर पडला, कुठे दाणाही नाही. पाऊस पडून गेल्यावर कुरणात गडद हिरवे पट्टे उठले, आणि त्या पट्ट्यांवरून दीर कुठून आत शिरले, कुठे दमून थांबले आणि कुठे कुणीतरी येतंय असं वाटून पळाले ते सगळं लहान मुलालाही वाचता आलं असतं.

“जमिनीचा गुण असेल,” दीर पट्ट्यांकडे बघत म्हणाले.

“वहिनी, दादाला सांगा, जमिनीच्या गुणाला पावलं नसतात.”

आमचे हे काही कमी नव्हते. गाईंनी वरचं गवत अगदी बुडापर्यंत खाल्लं की जमिनीलगतच्या तिपानीचं फावतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यामुळे कुरणाचं फाटक लावायला ते रोज विसरायला लागले. एरवी यांची आठवण अशी, की मी लग्नाच्या वर्षी सांडलेल्या दुधाचा दाखला अजून देतात. गाई आत शिरायच्या, गवत ताशीव करून बाहेर यायच्या. दिरांनी फाटकाला साखळी लावली. साखळी हरवली.

एका सकाळी दीर विहिरीवर हात धूत असताना हे तिथे गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट बोलले. “दादा, तार आणतो.”

“जाड आण,” दीर म्हणाले.

एवढंच झालं. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, कुणी मध्ये पडेल, मला पाया पडून काही सांगता येईल. पण दोघं इतके थंड होते की मध्ये पडायला जागाच नव्हती. कुरणाच्या मधोमध खांब रोवले गेले, तार ताणली गेली. गाई वाटल्या गेल्या. आमच्या वाट्याच्या गाईंसाठी कुरणाच्या टोकाला नवा गोठा उभा राहिला, नवाकोरा, हवेशीर, सिमेंटची गव्हाण, आणि त्यात मी एकटी. पलीकडे जाऊबाई एकट्या. धारेची वेळ दोन्हीकडे एकच, कारण गाईची कास कुणासाठी थांबत नाही. आणि कुरणात असो की घरात, एकमेकांच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, हे दोन्ही भावांनी न ठरवता ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी मी बादली घेऊन बसले आणि सवयीनं म्हटलं, “काय हो, पुढं काय झालं?” गाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी रडले. गोठ्यात रडायचं एक बरं असतं, कुणी विचारत नाही.

यांनी आपल्या बाजूचं गवत नांगरून काढलं आणि नुसती तिपानी केली. दिरांनी तिपानी उपटून नुसतं गवत ठेवलं. आता दोघं आपापल्या मनासारखे मोकळे होते, आणि तिथूनच त्यांचे हाल सुरू झाले.

आमची काळी गाय सकाळी उपाशी पोटी दवातली तिपानी बकाबका खाऊन आली आणि गोठ्यात येऊन उभी राहिली ती हलेचना. डावी कूस ढोलासारखी तटतटली होती. मी ओरडले, हे धावत आले आणि नुसतेच “अरे अरे अरे” करत तिच्याभोवती फिरायला लागले. मी गोडंतेल पाजलं, हिसके देत तिला चालवत राहिले, डॉक्टर येईपर्यंत तिनं गॅस सोडला आणि आम्ही वाचलो. डॉक्टर म्हणाले, “कुरणात सोडायच्या आधी पोटात थोडं गवत जाऊ द्या.” हे म्हणाले, “गवत नको, दुसरं काहीतरी सांगा.” डॉक्टरांनी यांना नीट न्याहाळलं, गाईपेक्षा जास्त वेळ.

पलीकडे दिरांचं गवत पिवळं पडत चाललं होतं. खत घालणारी तिपानी गेली, आणि युरियाची पाटी आता चोरून न्यायची मजा राहिली नव्हती म्हणून की काय, तीही मागे पडली. गाईंचं दूध उतरलं. दीर कुरणात उभे राहून गवताला सावकाश काहीतरी सांगायचे.

मग एक चमत्कार झाला. निदान आमच्या घरात त्याला चमत्कार म्हटलं गेलं. आमच्या तिपानीत गवत दिसायला लागलं. झालं असं होतं, की हे रोज गाईंना सोडायच्या आधी वाळलेल्या गवताच्या पेंढ्या सोडून कुरणभर पसरायचे, आणि त्या पेंढ्या मुद्दाम बी धरलेल्या गवताच्या आणायचे. जिथे पेंढी पसरली तिथे गवताची ओळ.

“हे कुठून आलं?” मी विचारलं.

“आपोआप,” हे म्हणाले. “निसर्ग आहे.”

पलीकडे दिरांच्या पिवळ्या गवतात तिपानीचे गोल गोल ठिपके उठले. प्रत्येक ठिपका शेणाच्या पोएवढा. याचा उलगडा मला जाऊबाईंनी तारेजवळून घाईघाईनं केला. दीर गाईंच्या मिठाच्या चाटणात तिपानीचं बी मिसळत होते. गाईच्या पोटातून ते तसंच्या तसं बाहेर पडतं आणि शेणात रुजतं. म्हणजे आपल्या हातानं तिपानी पेरायची लाज वाटली, म्हणून माझ्या दिरांनी ती गाईकडून पेरून घेतली होती.

“मी विचारलं तर काय म्हणाले असतील?” जाऊबाई म्हणाल्या.

“आपोआप?”

“निसर्ग!” एवढं बोलून त्या पळाल्या, कारण गोठ्यातून हाक आली होती. तेवढ्या दोन वाक्यांवर मी कितीतरी दिवस काढले.

होता होता वर्ष उलटलं. ओळी रुंदावल्या, ठिपके पसरले, एकमेकांत मिसळले. आणि प्रमाणसाहेब तपासणीला आले. स्वच्छ बूट घालून ते तारेजवळ उभे राहिले. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला दीर आणि जाऊबाई. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पुन्हा इकडे पाहिलं. चौकट मागवली, दोन्हीकडे फेकली, वाकून बघितलं. उठले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते.

“दोन वाटे गवत, एक वाटा तिपानी,” ते म्हणाले. “दोन्हीकडे! असं प्रमाण मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. यातली गवताची बाजू कुठली आणि तिपानीची कुठली?”

दीर आभाळाकडे बघत होते. हे एका खांबाची मजबुती तपासत होते.

आता तरी, मला वाटलं, आता तरी यांच्याकडे काही सांगायला उरलेलं नाही. आणि माझ्या मनातलं जाऊबाईच बोलल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या परक्या माणसासमोर मोठ्यानं बोलल्या. “अहो, दोन्हीकडे जर एकच उगवलंय, तर ही तार काढून टाका ना.”

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघं एका सुरात, एका दमात म्हणाले,

“तार कशाला? तार राहू दे.”

“चांगली तार आहे,” दीर म्हणाले.

“जाड आहे,” आमचे हे म्हणाले. आणि भावाचं म्हणणं पटल्यासारखी त्यांनी मान डोलावली.

साहेब निघून गेले. मी तिथेच उभी होते. इतका वेळ मी समजत होते की हे दोघं चाऱ्यावरून भांडतात. चारा जमला की सगळं जमेल. चाऱ्याचा संबंधच नव्हता. एकाला दुसऱ्याच्या बाजूचं व्हायचं नव्हतं, बस. त्यासाठी त्यांनी गवत वापरलं, तिपानी वापरली, माझ्या गाई वापरल्या, आणि आमच्या दोघींची सकाळ-संध्याकाळ वापरली. मला संताप आला. असा संताप मला आधी कधी आला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो छान वाटला.

पलीकडे जाऊबाईंच्या हातात रिकामी बादली होती, धारेची वेळ झालीच होती. त्यांनी ती दिरांच्या पायाशी ठेवली.

“काय झालं?” दीर म्हणाले.

“तुमच्या गाई,” जाऊबाई म्हणाल्या, “तुमची तार. धारा तुम्ही काढा.”

मी यांच्याकडे वळले. तोंड उघडायच्या आधीच यांनी बादली उचलली होती. बारा वर्षं संसार केलेल्या माणसाला बायकोचा चेहरा तेवढा कळतो.

पहिले दिवस वाईट गेले. गाई हंबरायच्या, त्यांच्या कासा ताठरायच्या, आणि ते ऐकून माझ्या हातांच्या आपोआप मुठी वळायच्या. त्या बिचाऱ्यांचा काय दोष होता? दोनदा मी उठलेही. जाऊबाईंनी मला धरून बसवलं, आणि स्वतःही गोठ्याकडे पाठ करून बसल्या. मग यांना लाथ बसली, दिरांची बादली उलटली, आणि हळूहळू दोघांना जमायला लागलं. इतकं जमायला लागलं, की दीर मूठ आवळून काढतात आणि आमचे हे चिमटीनं ओढतात, आणि कुठलं बरोबर यावर तारेच्या दोन बाजूंनी त्यांचं जोरात चाललेलं असतं. थेट. मध्ये कुणालाही न घालता.

“मुठीनं सड दुखत नाही, अरे!”

“दादा, तुझ्या मुठीनं अर्धं दूध आतच राहतं!”

त्या वेळी आम्ही दोघी विहिरीच्या कट्ट्यावर असतो. पहिल्या संध्याकाळी तिथे जाऊन बसलो तेव्हा हात कुठे ठेवावेत तेच कळेना. जाऊबाई बोलायला लागल्या, आणि मी नेहमीसारखी हसायच्या तयारीनं त्यांच्याकडे पाहिलं. तेव्हा लक्षात आलं, की धार काढताना गाईच्या कुशीला कपाळ लावून बसायचं असतं. माझं कपाळ एका गाईला, त्यांचं दुसरीला. इतकी वर्षं मी त्यांचा फक्त आवाज ऐकत होते. बोलताना त्यांची डावी भुवई वर जाते. हसू यायच्या आधी त्या खालचा ओठ चावतात. आणि दिरांची नक्कल करताना, सगळ्यात जास्त हसवत असतात तेव्हा, त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं.

“अशी काय बघतेस गं?” त्या म्हणाल्या.

“काही नाही,” मी म्हटलं. “बोला तुम्ही.”